बेडकांच्या तंगड्या आणि कांगारूंची शिरगणती

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात जा किंवा शिरपूर-साक्रीकडच्या मक्याच्या शिवारात, हल्ली व्याख्यानाचा विषय कोणताही असो, शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. शिवकाळावर बोलून खाली बसावं, तर मागच्या रांगेतून कुणीतरी उठतं आणि विचारतं, ‘सर, ऑस्ट्रेलियात म्हणे कांगारू मारून त्याचं मांस-कातडं विकतात. सरकारच परवाने देतं. मग आपल्या रोह्यांचं, रानडुकरांचं तसं का नको? पीक वाचेल आणि चार पैसेही हाती लागतील.’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याने हरभऱ्याच्या शेतात थंडीच्या रात्री जागल केली आहे, घरातल्या जुन्या साड्या कुंपणाला बांधल्या आहेत, फटाके उडवले आहेत आणि तरीही सकाळी निम्मं शेत तुडवलेलं पाहिलं आहे, तोच तो विचारतो. नुकसानभरपाईचा पंचनामा आणि त्यासाठीच्या फेऱ्या हा आणखी वेगळा ताप. तेव्हा ‘मुक्या जीवांवर दया करा’ एवढ्यावर त्याची बोळवण करणं मला बरं वाटत नाही. इतिहासाच्या माणसाने इतिहासातून काही सांगावं.

आणि सांगण्यासारखं आहे. विचारणाऱ्याची बहुधा अशी समजूत असते, की आपल्या देशात हे कधी करून पाहिलेलंच नाही. आपण पडलो अहिंसावाले. वस्तुस्थिती तशी नाही. रानातला जीव धरायचा, त्याचा माल करायचा आणि तो परदेशी धाडायचा, हा उद्योग स्वातंत्र्यानंतर तीस-पस्तीस वर्षं आपण जोरात केला. त्यात महाराष्ट्र होता, मुंबईचं बंदर होतं आणि तो बंद पाडण्यात मुंबईच्याच एका माणसाचा मोठा वाटा होता. पण त्याआधी खानदेशातल्या एका जुन्या हिशेबाकडे जाऊ.

चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटाला आपण औट्रम घाट म्हणतो. हा औट्रम म्हणजे जेम्स औट्रम. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला, तेव्हा हा मुलूख उजाड झालेला होता. पेंढाऱ्यांच्या धाडी, दुष्काळ आणि लढाया यांनी गावं ओस पडली होती, शेतांत झाडोरा माजला होता आणि झाडोऱ्यात वाघ. १८२५ मध्ये औट्रमने भिल्लांची पलटण उभी केली. तिचं ठाणं धरणगावला होतं. भिल्लांचा विश्वास त्याने मिळवला तो बराचसा शिकारीतून. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत औट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी २३५ वाघ मारले. त्यांपैकी १९१ वाघ पडले तेव्हा औट्रम स्वतः हजर होता. अस्वलं पंचवीस, रानरेडे बारा. त्याच्या चरित्रात हे आकडे चोख दिलेले आहेत. पुढे सरकारी बक्षिसांची पद्धत आली. मेलेलं जनावर कचेरीत आणून दाखवायचं, बक्षीस घ्यायचं आणि कारकुनाने वहीत नोंद करायची.

आता गंमत पाहा. किती वाघ मेले हे आपल्याला एका-एका वाघापर्यंत ठाऊक आहे. पण त्या वेळी सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत वाघ होते किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सरकारला वाघ संपवायचेच होते, त्यामुळे जिवंत किती याची चौकशी करण्याचं कारणही नव्हतं. तो व्यवहार निर्मूलनाचा होता आणि तसाच तो लिहिला गेला. (त्याच घाटाच्या परिसरात १९८६ साली अभयारण्य झालं आणि त्याचं नाव गौताळा-औट्रमघाट पडलं. वाघ मारणाऱ्याच्या नावाचं अभयारण्य! काळाचा विनोद म्हणायचा.)

मेलेल्यांचा हिशेब ठेवायचा आणि जिवंतांचा ठेवायचा नाही, ही सवय मात्र इंग्रज गेले तरी आपल्या कचेऱ्यांतून गेली नाही. निर्मूलन थांबलं आणि व्यापार सुरू झाला, तरी वही तीच राहिली.

आधी माकडांची गोष्ट, थोडक्यात. लाल तोंडाचं माकड, म्हणजे ऱ्हीसस, आपल्या बाजूला तापीच्या उत्तरेला सापडतं; तापीच्या दक्षिणेला टोपी माकडाचा मुलूख सुरू होतो. आपली तापी माकडांचीही सरहद्द आहे, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. या ऱ्हीसस माकडांवर अमेरिकेत आणि युरोपात प्रयोग होत. पोलिओची लस आली तशी मागणी एवढी वाढली, की पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस वर्षाला लाखाहून अधिक माकडं भारतातून जात होती. पिंजऱ्यात भरून, विमानाने. उत्तर हिंदुस्थानात माकडं शेतांचं नुकसान करत, त्यामुळे ती पकडून नेली जात आहेत याचं सुरुवातीला कुणाला वाईट वाटलं नाही. मात्र इथे एक चांगली गोष्ट घडली. अलीगढच्या परिसरात चार्ल्स साउथविक आणि फारूक सिद्दिकी या दोन अभ्यासकांनी १९५९ पासून वर्षानुवर्षं जिवंत माकडं मोजली. टोळीत माद्या किती, पिल्लं किती, दोन वर्षांची अर्धवट वाढलेली माकडं किती. आणि ती अर्धवट वाढलेलीच कमी दिसायला लागली, कारण व्यापाऱ्याला तीच हवी असत. घरात आजी-आजोबा आहेत, तान्ही बाळं आहेत आणि शाळेत जाणारं पोरच नाही, अशी ती अवस्था. १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने निर्यात बंद केली. तात्कालिक कारण निराळं होतं: वैद्यकाच्या नावाने नेलेली माकडं लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत वापरल्याचं उघड झालं होतं. पण अलीगढची वही नसती, तर माकडं खरोखर कमी झाली की नाहीत यावर आपण आजही वाद घालत बसलो असतो.

बेडकांच्या बाबतीत अशी वही नव्हती.

आपल्याकडे बेडूक म्हणजे पावसाचा निरोप्या. मृग कोरडा गेला की खानदेशातल्या गावांत धोंडी निघते. पोराला कडुनिंबाचा पाला नेसवतात, काही ठिकाणी मुसळाला जिवंत बेडूक बांधतात, घरोघर पाणी ओतून घेतात. त्या बेडकाला कुणी खात नाही. पाऊस आला की सोडून देतात. त्याच बेडकाच्या मागच्या तंगड्या फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड आणि अमेरिकेत आवडीने खाल्ल्या जातात, हे आपल्या वाडवडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी नाक मुरडलं असतं. फ्रान्सने तर स्वतःचे बेडूक इतके खाल्ले, की १९८० च्या सुमारास तिथे रानबेडूक पकडून विकण्यावर बंदी घालावी लागली. जिभेची आवड काही बंद झाली नाही. माल बाहेरून येऊ लागला. पन्नाशीच्या दशकापासून तो वाढत्या प्रमाणावर भारतातून जात होताच.

व्यापार मुख्यतः आपल्या मोठ्या बेडकाचा. शास्त्रज्ञ त्याला पूर्वी राना टायग्रिना म्हणत, आता हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस म्हणतात. म्हणजे त्याच्याही नावात वाघ आहे! हा उन्हाळाभर जमिनीत दडून बसतो आणि पहिल्या मोठ्या पावसाला बाहेर येतो. नर एकदम पिवळेजर्द होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात आणि डबक्यांच्या काठी डरावडराव सुरू होतं. मादी हजारोंनी अंडी घालते. वर्षातले हे मोजके दिवस त्यांच्या लग्नसराईचे. आणि ते पकडायला सर्वांत सोपे असतात तेही याच दिवसांत. आवाजाच्या रोखाने जायचं, डोळ्यांवर पेट्रोमॅक्सचा उजेड टाकायचा. बेडूक दिपून जागच्या जागी बसतो, हाताने उचलावा आणि पोत्यात टाकावा. पकडणारा बहुतेक भूमिहीन, पावसाळ्यात हाताला काम नसलेला. त्याला मिळत ते सुटे पैसे. तिथून दलाल, मग कोळंबी गोठवण्याच्या कारखान्यात तंगड्या कापायच्या, धुवायच्या, गोठवायच्या आणि खोक्यात भरायच्या. बाकीचा बेडूक टाकून द्यायचा. तंगड्या कापताना तो जिवंत असे, हे मुद्दाम सांगायला हवं. पुढे जनमत फिरलं त्याला हेही एक कारण झालं.

१९८१ साली हा व्यापार शिगेला पोहोचला. त्या एका वर्षात सुमारे ४,४०० टन तंगड्या देशाबाहेर गेल्या. किलोभर तंगड्यांना किती बेडूक लागतात हे बेडकाच्या आकारावर अवलंबून आहे, पण कितीही हात राखून हिशेब केला तरी संख्या काही कोटींवर जाते. टनांचा आकडा पक्का आहे, कारण तो बंदरावर तोलला गेला, त्यावर परकीय चलन मिळालं. आणि देशात बेडूक किती होते? औट्रमच्या वाघांसारखंच. तराजू बंदरावर होता. डबक्याच्या काठी कुणी नव्हतं.

निर्यातदारांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. ते म्हणत, एक मादी हजारो अंडी घालते. त्यांतली बहुतेक पिल्लं तशीही मासे, बगळे आणि दिवड खाऊन टाकतात. आम्ही थोडे नेले तर काय बिघडतं? या जातीचा चिवटपणा पुढे दिसलाही. अंदमानात हा बेडूक मुळात नव्हता. अलीकडच्या काळात माणसाबरोबर तो तिथे पोहोचला आणि आता इतका फोफावला आहे, की तिथल्या स्थानिक प्राण्यांना तो उपद्रव ठरतो आहे. तेव्हा ‘बेडूक धरले की बेडूक संपले’ असं सोपं गणित मांडता येत नाही. पण अंदमानात तो मोकळ्या रानात शिरला होता; इथे ऐन विणीच्या दिवसांत, मोठे-मोठे निवडून, अंडी घालण्याआधीच पोत्यात जात होते. मोठा तेवढाच उचलायचा, हा नियम निसर्गाच्या उलटा आहे. शेतकरी बियाण्यासाठी सर्वांत भरदार कणीस बाजूला काढतो. इथे भरदार तेवढं आधी विकलं जात होतं.

दुसरी बाजू मांडणाऱ्यांत हुमायून अब्दुलअली हे नाव महत्त्वाचं. १९१४ चा जन्म, पेशाने व्यापारी, छंदाने पक्षिशास्त्रज्ञ. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अनेक वर्षं मानद सचिव. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यपशू आणि पक्षी संरक्षणाचा कायदा घडवण्यात त्यांचा मोठा हात होता. १९७२ चा देशव्यापी कायदा त्यानंतर वीस वर्षांनी आला. स्वतः उत्तम शिकारी असलेला हा माणूस बेडकांच्या बाजूने उभा राहिला. सोसायटीच्या नियतकालिकात १९८५ साली त्यांनी बेडूकनिर्यातीवर सविस्तर लेख लिहिला. बेडूकवाल्यांचं म्हणणं साधं होतं: हा प्राणी रात्रभर किडे, नाकतोडे, खेकडे, प्रसंगी उंदराची पिल्लंही खातो, तो शेतातला फुकटचा राखणदार आहे. त्याच्या तंगड्या विकून डॉलर मिळवायचे आणि तेच डॉलर कीटकनाशकांवर घालवायचे, यात शहाणपण कोणतं?

हा मुद्दा त्या काळात फार गाजला आणि मला तो पटतोही, पण पुरता नाही. आपल्या खानदेशाचंच घ्या. १९७० मध्ये एच-४ ही संकरित कपाशी आली आणि पुढच्या वर्षांत फवारणीचा पंप घरोघर गेला. त्याला बेडूक कमी झाले हे कारण नव्हतं; नवं वाण, खतं आणि अधिक उत्पन्नाची ओढ हे कारण होतं. बोंडात शिरलेली अळी काही बेडूक काढून खात नाही. उलट त्या फवारणीनेच नाल्या-डबक्यांतले बेडूक किती मेले असतील, याचाही हिशेब कुणी केला नाही. बेडकांवर दोन बाजूंनी संकट होतं; आपण एकाच बाजूची ओरड केली, कारण तेवढ्याच बाजूचे आकडे छापून येत होते.

शेवट कसा झाला, तेही बोलकं आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवणारा ‘साइट्स’ नावाचा करार आहे. भारत त्यात १९७६ मध्ये सामील झाला. १९८५ साली आपला मोठा बेडूक आणि तळ्यातला हिरवा बेडूक या दोघांना त्या कराराच्या दुसऱ्या यादीत घालण्यात आलं. दुसऱ्या यादीचा अर्थ असा, की व्यापार करा. पण त्याने जातीला धोका नाही, असं निर्यात करणाऱ्या देशाने दाखवून द्यावं. म्हणजे जिवंतांचा हिशेब मागितला गेला. तो आपल्याकडे नव्हता. १९८७ मध्ये भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. बांगलादेशाने १९८९ मध्ये तेच केलं. खाणारे थांबले नाहीत. व्यापार इंडोनेशियाकडे सरकला आणि तिथल्या बेडकांवर आला. आपल्या शेजारच्या गोव्यात पावसाळ्याच्या पहिल्या रात्री आजही चोरून बेडूक धरले जातात आणि ‘जंपिंग चिकन’ या लाडक्या नावाने ताटात येतात. वनखात्याची माणसं त्या दिवसांत गस्तीवर असतात.

आज आपला हा बेडूक जागतिक यादीत ‘फारसा धोका नसलेला’ म्हणून नोंदला आहे. तो बंदीमुळे सावरला, की मुळात व्यापाराने त्याचं काही बिघडलंच नव्हतं? उत्तर देता येत नाही, कारण १९५० चा, १९६० चा, १९८१ चा आकडाच नाही. चार दशकं उलटून गेली तरी त्या व्यापाराचा निकाल लागत नाही. नफा झाला की मुद्दल खाल्लं हे सांगायला आधी मुद्दल किती होतं ते माहीत लागतं, हे जळगावच्या सराफ्यातला नवा कारकूनही सांगेल.

आता कांगारूंकडे येऊ. ऑस्ट्रेलियाची सुरुवातही औट्रमसारखीच झाली. गोऱ्या वसाहतवाल्यांनी मेंढ्या आणल्या, मेंढ्यांसाठी पाणवठे केले, डिंगो नावाचे रानकुत्रे मारले आणि त्यांना अडवायला हजारो किलोमीटरचं कुंपण घातलं. पाणी वाढलं, शत्रू घटला. मोठ्या कांगारूंचं फावलं. मग ते मेंढ्यांचं गवत खातात म्हणून क्वीन्सलँडमध्ये १८७७ साली त्यांच्या नाशाचा खास कायदा झाला. दर टाळूमागे बक्षीस. लाखोंनी मारले गेले. मोठ्या जाती टिकल्या, पण दक्षिण ऑस्ट्रेलियातली टूलाच नावाची देखणी, लहान चणीची जात शिकारीने, कोल्ह्यांनी आणि गवताळ जमीन नांगराखाली गेल्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस जगातून गेली. तिथेही तोपर्यंत वही मेलेल्यांचीच होती.

फरक पडला तो १९७० च्या दशकात, आणि तो काहीसा बाहेरच्या धाकाने पडला. १९७४ मध्ये अमेरिकेने तीन मोठ्या कांगारूंना धोक्यातल्या यादीत टाकलं आणि त्यांच्या मालाची आयात अडवली. ‘आमच्याकडे भरपूर आहेत’ असं नुसतं म्हणून भागेना. किती, ते दाखवावं लागलं. ग्रॅम कॉग्ली आणि गॉर्डन ग्रिग या प्राणिशास्त्रज्ञांनी विमानातून मोजण्याची पद्धत बसवली. लहान विमान सुमारे अडीचशे फुटांवरून सरळ रेषेत उडवायचं, पंखाच्या दांडीवर खुणा करून खालच्या जमिनीचा ठराविक रुंदीचा पट्टा नजरेत धरायचा आणि त्यात दिसतील तेवढे कांगारू मोजायचे. झाडाखालचे दिसत नाहीत, म्हणून झाडीच्या मानाने आकड्यात दुरुस्ती करायची. हे एकदा करून भागत नाही. पुन:पुन्हा त्याच रेषांवर. १९८१ मध्ये, म्हणजे आपल्या तंगड्यांच्या विक्रमाच्या वर्षीच, अमेरिकेने ती आयात पुन्हा खुली केली आणि १९९५ मध्ये या जाती धोक्याच्या यादीतून काढल्या.

पद्धत आज अशी आहे. प्रत्येक राज्याची योजना केंद्राने मंजूर करावी लागते. गणतीच्या आकड्याच्या साधारण पंधरा ते वीस टक्के एवढा कोटा ठरतो आणि प्रत्यक्षात मारले जातात ते त्याहूनही बरेच कमी. गेल्या काही वर्षांत पंधरा लाखांच्या आसपास. परवानाधारक शिकारी रात्री बंदुकीने, डोक्यात नेम धरून मारतो. प्रत्येक धडाला क्रमांकाची पट्टी लावावी लागते. दुष्काळात कांगारू झपाट्याने कमी होतात. या शतकाच्या पहिल्या दशकातल्या लांबलेल्या दुष्काळात गणतीचा आकडा निम्म्याहून खाली आला. संख्या ठरलेल्या पातळीखाली गेली, की त्या विभागातली शिकार थांबवता येते. माझ्या मते या व्यवस्थेचा कणा बंदुकीत नसून त्या विमानात आहे. जातीच्या टिकाऊपणाचं म्हणाल, तर पन्नासएक वर्षांचा हा प्रयोग उभा राहिला आहे, असं मला प्रामाणिकपणे म्हणावंसं वाटतं.

त्यावर आक्षेप आहेत आणि तेही वजनदार आहेत. मादी पडली तर पोटाच्या पिशवीतल्या पिल्लाचं काय? नियम सांगतो, त्यालाही लगेच मारा. हे ऐकवत नाही. काही कंपन्यांनी म्हणूनच फक्त नर घ्यायचं धोरण धरलं. विमानातल्या गणतीतल्या दुरुस्त्यांवर वाद आहेत. कांगारूच्या कातड्याचे फुटबॉलचे बूट नावाजलेले, पण २०२३ मध्ये नायकी आणि प्यूमा या कंपन्यांनी ते कातडं सोडण्याचं जाहीर केलं. बाजार हा असा परक्याच्या मर्जीवर असतो.

पण आपल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे आणि ते तिथल्या जाहिरातींत सापडत नाही. कोट्यवधी कांगारूंतून पंधरा लाख नेल्याने कांगारू कमी होत नाहीत. ते कमी-जास्त होतात ते पावसाने. तिथल्या मेंढपाळाची तक्रार म्हणून आजही संपलेली नाही, तो धंद्याबाहेरचे वेगळे परवाने काढून कांगारू मारतोच. शिवाय त्याच्या जमिनीवर वाढलेल्या कांगारूचे पैसे शिकारी आणि कारखान्याला मिळतात, त्याला सहसा नाही. याच ग्रिग यांनी १९८० च्या दशकापासून सांगितलं, की कांगारूला एवढी किंमत येऊ द्या आणि तिचा वाटा जमीनवाल्याला द्या, म्हणजे तो मेंढ्या कमी करील आणि जमीन वाचेल. कल्पना नामी, पण मेंढीची जागा काही कांगारूने घेतली नाही.

इथे ‘पीक वाचेल आणि चार पैसेही मिळतील’ या वाक्यातली फट दिसते. कायम विकायचं असेल, तर रोही कायम भरपूर ठेवावे लागतील. ते शिवारात चरतील तेव्हाच बाजारात येतील. पीक वाचवायचं असेल, तर ते इतके कमी करावे लागतील की त्यांचा धंदा परवडणार नाही. एकाच जनावराकडून दोन्ही कामं होत नाहीत. उद्या मांसाला चांगला भाव आला, तर ‘रोही मारू नका, वाढू द्या’ असं सांगणारा पहिला माणूस त्याचा व्यापारी असेल. आणि भाव पडला, तर शेतात रोही आणि दारात गिऱ्हाईक नाही, अशी अवस्था शेतकऱ्याची होईल.

तेव्हा हे दोन प्रश्न वेगळे करून बोलू. उपद्रव आवरण्याची सोय आपल्या कायद्यात आहे. १९७२ च्या कायद्याखाली परवाना देता येतो आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने रोही आणि रानडुकरांच्या बाबतीत त्याची वाट थोडी सोपी केली. मात्र मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं. त्याची विक्री नाही. बिहारमध्ये केंद्राने रोह्याला काही जिल्ह्यांपुरतं उपद्रवी ठरवलं आणि २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात थोड्याच दिवसांत दोनशेहून अधिक रोही मारले गेले. दिल्लीत दोन मंत्र्यांची जाहीर खडाजंगी झाली. ‘दोनशे मारले’ हा आकडा सगळ्या वर्तमानपत्रांत होता. ‘उरले किती’ हा आकडा मला एकाही बातमीत दिसला नाही. उत्तरेत नीलगाय या नावातल्या गायीमुळे वाद आणखी पेटतो. आपल्याकडे रोही म्हटलं की गाय डोळ्यांपुढे येत नाही, एवढी तरी सोय आहे.

आपल्याकडे गणती होते ती अभयारण्यांत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री यावलच्या जंगलात पाणवठ्यांवर मचाण बांधून माणसं बसतात आणि चांदण्यात पाण्यावर येणारी जनावरं लिहून घेतात. उपक्रम चांगला आहे, पण आपले रोही जंगलात राहतात कुठे? ते राहतात नाल्याकाठच्या बाभळींत, पडीक गायरानात आणि रात्री शिवारात. रानडुक्कर तर केळीच्या बागेतच बिऱ्हाड करतं. त्यांना कुणी मोजत नाही, कारण ते वनखात्याच्या हद्दीबाहेर आहेत. आणि पंचनाम्यात लिहिलं जातं ते पडलेलं पीक, जनावर नव्हे.

रानडुक्कर मोजणं अवघड आहे, हे मान्य. ते रात्रीचं, झाडोऱ्यातलं आणि एका वेताला अनेक पिल्लं देणारं जनावर. रोह्याचं तसं नाही. तो मोठा, दिवसा दिसणारा, एकाच जागी लेंड्या टाकण्याची सवय असलेला. माद्या कळपाने आणि जुळी पिल्लं नेहमीची. ज्वारी-बाजरी निघाल्यावर शिवार मोकळं होतं, तेव्हा एका ठरलेल्या सकाळी पाच-दहा गावांनी मिळून आपापल्या हद्दीतले रोही मोजले, नर-माद्या-पिल्लं वेगवेगळी लिहिली आणि हेच पाच हिवाळे ओळीने केलं, तर त्याला विमान लागत नाही. गावातली पोरं, एक दुर्बीण आणि तलाठ्याच्या नकाशाची प्रत पुरते. हद्दीवरचा कळप दोन गावांनी दोनदा धरू नये म्हणून वेळ एकच ठेवायची आणि कळप कोणत्या दिशेला गेला ते लिहायचं. पाचव्या वर्षी त्या वहीत पिल्लांचा रकाना माद्यांच्या रकान्याशी ताडून पाहता येईल, आणि परवाने किती मागायचे हे त्यावरून त्या गावांनाच वनखात्यापुढे मांडता येईल.